समतेची वाट आणि नगरीची मान्यता

बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर, भिडे वाडा नावाची एक वास्तू होती. १८४८ साली जोतीराव फुले यांनी तेथे मुलींसाठी शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी त्या शाळेत शिकविले. ती वास्तू आज नाही. २००६ साली पुणे महानगरपालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी ती जागा संपादन करण्याचे ठरविले. प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे तेथे राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला. आणि डिसेंबरातील एका रात्री पोलीस बंदोबस्तात तो जीर्ण वाडा उतरविण्यात आला. तेथील दुकानदारांना दोष देऊन हा प्रसंग संपत नाही. पोटापाण्याची जागा सोडून जाण्यास कोणीही सहजासहजी राजी होत नाही, आणि न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार त्यांनाही होता. दोष असेल तर तो त्याआधीच्या दीर्घ काळाचा आहे. त्या काळात या वाड्याखालून सारे पुणे गेले, आले, गणपतीला नमस्कार करून घरी परतले, आणि येथे एके काळी कोणती शाळा भरत होती याची चौकशी करण्याचे फार थोड्यांना सुचले.

स्मारक व्हावे याविषयी दुमत नाही. तथापि एका जागेवर एक इमारत उभी राहिली, तिच्यावर एक कोनशिला बसली आणि वर्षातून एकदा हार पडला की ऋण फिटले, अशी समजूत करून घेण्याची या नगरीला जुनी सवय आहे. आमचे म्हणणे असे आहे की, पुण्याजवळ समतेच्या लढ्याचे एखादे स्थळ नसून एक संपूर्ण वाट आहे. ती बुधवार पेठेतून निघते, मंडईवरून गंज पेठेत व नाना पेठेत जाते, गुलटेकडीला वळसा घालते, पर्वतीच्या पायऱ्या चढते आणि नदी ओलांडून येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी येऊन थांबते. ही वाट या शहराचा वारसा आहे, असे महापालिकेने विधिपूर्वक ठराव करून मान्य केले पाहिजे. तुटक तुटक स्मारकांना अनुदान देणे निराळे आणि या वाटेला वाट म्हणून मान्यता देणे निराळे.

आमच्याकडे वारसा या शब्दाचा अर्थ फार करून दगडविटांत शोधला जातो. लाकडी महिरपी, कोरीव खांब, नगारखाना, बुरूज हे जेथे आहे तेथे वारसा आहे, असा संकेतच ठरून गेला आहे. हे सारे जपलेच पाहिजे, त्यात वाद नाही. परंतु या कसोटीवर भिडे वाडा विश्रामबाग वाड्यापुढे कधी टिकला असता काय? मनुष्याला मनुष्य म्हणून वागविण्याचा झगडा राजवाड्यांत घडत नसतो. तो पाण्याच्या हौदावर घडतो, देवळाच्या पायरीवर घडतो, बंद दाराबाहेर घडतो, नगरपालिकेच्या सभेतील मतमोजणीत घडतो. या जागांना नक्षीकाम नसते. म्हणून त्या यादीत येत नाहीत आणि यादीत नाहीत म्हणून एक दिवस नाहीशा होतात.

अमेरिकेने हा प्रश्न आपल्यापरीने सोडविला आहे. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्मा गावाहून माँटगोमेरीपर्यंत मतदानाच्या हक्कासाठी जो मोर्चा गेला, त्याचा सुमारे ५४ मैलांचा रस्ता १९९६ साली तेथील काँग्रेसने राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून घोषित केला. मान्यता मिळाली ती रस्त्याला. डांबराच्या, कडेला शेते असलेल्या साध्या रस्त्याला. त्या वाटेवरील ज्या पुलावर ७ मार्च रोजी पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयांना झोडपून काढले, त्या पुलाला नाव आहे ते एडमंड पेटस या गुलामगिरीच्या पक्षाने लढलेल्या सेनापतीचे. ते नाव खोडण्यात आलेले नाही, आणि त्यामुळे पुलावरून जाणाऱ्याला काय घडले हे तर कळतेच, पण कोणाच्या सावलीत घडले हेही कळते. पुढे २०१८ मध्ये दक्षिणेकडील राज्यांनी अशी शंभराहून अधिक स्थळे एका सूत्रात ओवून नागरी हक्कांचा मार्ग आखला. कृष्णवर्णीयांना उपाहारगृहात बसू न देणारे दुकानातील टेबल आणि नऊ विद्यार्थ्यांना ज्या शाळेच्या दारातून परत पाठविले ती लिटल रॉक येथील शाळा त्यात आहेत. त्या देशात वंशद्वेष संपला असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. परंतु स्वतःच्या लाजिरवाण्या जागा नकाशावर दाखविण्याचे धैर्य तेथे काही प्रमाणात का होईना, आले. आणि ही तुलना आम्ही ओढूनताणून आणलेली नाही. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ जोतीरावांनी ज्यांना अर्पण केला ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले अमेरिकेतील सज्जन लोकच होते. गंज पेठेतील या माळ्याच्या मुलाला सातासमुद्रांपलीकडचा तो लढा आपलाच वाटला होता.

अधिकृत मान्यता हा विषय निघाला आहे तर या मान्यतेचाच इतिहास पाहणे मनोरंजक ठरेल. मनोरंजक आणि काहीसे खाली पाहावयास लावणारे. जोतीरावांना पहिली सरकारी मान्यता मिळाली ती १६ नोव्हेंबर १८५२ रोजी. विश्रामबाग वाड्यात समारंभ होऊन मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शालजोडी देण्यात आली. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या वाड्यात, परक्या सरकारच्या अधिकाऱ्याने, पंचविशीतील एका तरुणाचा मुलींना शिकविल्याबद्दल गौरव केला. त्यापूर्वी अवघी तीन वर्षे याच कामासाठी त्याला पत्नीसह वडिलांच्या घरातून बाहेर पडावे लागले होते. शाल परक्याने दिली. घराबाहेर काढणारे आणि रस्त्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेण टाकणारे आपले होते.

पुढे १८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे सांगून एकट्या जोतीरावांनी विरोध केला, ही हकीगत प्रसिद्ध आहे. नव्या मंडईच्या अवाढव्य खर्चालाही त्यांचा विरोध होता. कालांतराने, आचार्य अत्रे नगरसेवक असताना, त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नाव देणाऱ्यांचा हेतू उदात्त होता, पण इतिहासाला विनोदाचे वावडे नसते हेही खरे.

मात्र यापुढील प्रसंग विनोदाचा नाही. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी इच्छा जोतीरावांनी मृत्युपत्रात नमूद केली होती आणि त्यासाठी घराच्या आवारात खड्डाही तयार करून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. राहत्या वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या सभागृहात हा मनुष्य काही वर्षे बसला होता, त्याच सभागृहाच्या कारभाराने त्याची ही शेवटची विनंती फेटाळली. देहाला अग्नी द्यावा लागला आणि त्या जागी अस्थी ठेवल्या गेल्या. नियम नियमाच्या जागी असतील. पण पस्तीस वर्षांनंतर, १९२५ साली, केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना नगरपालिकेत आणली तेव्हा कोणता आरोग्यविषयक नियम आडवा आला होता? ती सूचनाही नामंजूर झाली. त्या वादाच्या धगीतूनच दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले, त्यावर खटला झाला, आणि आरोपींच्या वतीने पुण्याच्या न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. त्या पुस्तकाची भाषा आम्हांस रुचणारी नाही. पण दारे बंद झाली की आवाज चढतो, हे दार लावून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावयास हवे होते.

आणखी एक मिरवणूक या नगरपालिकेने पाहिली आहे. १९२० साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा विचार चालला असता ते आधी मुलांना द्यावे, मुलींचे मागाहून पाहता येईल, असे म्हणणारा पक्ष प्रबळ होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या विरुद्ध रान उठविले आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. लोकमान्य टिळकांचा पक्ष या मागणीच्या विरोधात होता. हे वाक्य लिहिताना आमची लेखणी क्षणभर अडखळली हे कबूल करतो. कारण लोकमान्यांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो या एका प्रकरणाने नाहीसा होणारा नाही. पण म्हणूनच ते लिहिणे आवश्यक आहे. ज्या वारशाच्या मान्यतेसाठी आपल्या एखाद्या आवडत्या पुरुषाविषयी एकही अप्रिय वाक्य उच्चारावे लागत नाही, ती मान्यता फुकटची आहे.

आता पर्वती. रोज पहाटे शेकडो नागरिक शंभराहून अधिक पायऱ्या चढून तेथे जातात. वैद्यांचा सल्ला असतो, हवा चांगली असते. त्या पायऱ्यांवर १३ ऑक्टोबर १९२९ रोजी काय झाले हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेले सत्याग्रही देवदर्शनासाठी त्या पायऱ्या चढून जाऊ लागले. त्यांच्याबरोबर काकासाहेब गाडगीळ होते, तरुण एस. एम. जोशी होते. देवळाची दारे बंद करण्यात आली आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. राजभोज जखमी झाले. सत्याग्रह काही महिने चालून १९३० च्या आरंभी थांबला. दार उघडले नाही. ते कायद्याने उघडले १९४७ साली, मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तेव्हा. शिवराम जानबा हे काही अचानक पायरीवर येऊन उभे राहिलेले गृहस्थ नव्हते. १९०८ साली त्यांनी याच पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले होते. त्यांचे नाव आज किती पुणेकरांना सांगता येईल?

येथे एक कबुली दिली पाहिजे. प्रस्तुत लेखक या व्यवसायात येण्यापूर्वी शाळामास्तर होता आणि इतिहास शिकवीत असे. दर हिवाळ्यात एक वर्ग घेऊन आम्ही पर्वतीवर जात असू. खडकीची लढाई बाजीरावाने येथून पाहिली, हे मुलांना दक्षिणोत्तर दिशा दाखवून सांगत असू. नानासाहेबांनी देऊळ बांधले ते साल पाठ करून घेत असू. १९२९ हे साल आमच्या तोंडून एकदाही निघाले नाही. पाठ्यपुस्तकात नव्हते ही सबब खरी आहे, पण पुरेशी नाही; बाजीरावाची दुर्बीणही पाठ्यपुस्तकात नव्हती. त्या वर्गांत ज्यांचे आजे-पणजे त्या दिवशी पायऱ्यांवर असतील अशीही मुले असणार, आणि ज्यांचे पणजे वरून दगड मारणाऱ्यांत असतील अशीही. दोघेही शेजारी बसून डबे खात होते, आणि दोघांनाही मास्तरांनी काही सांगितले नाही. पुढे जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी वाचनात आल्या तेव्हा जे वाटले ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

गुलटेकडीचे तर नाव उच्चारले की आज भाजीपाल्याचे ट्रक आणि कांद्याचे भाव आठवतात. १८५५ साली जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ने छापला. पेशवाईत तालमीवरून जाणाऱ्या मांग-महाराच्या मस्तकाची गुलटेकडीच्या मैदानावर काय दशा केली जात असे, ते तिने त्यात सांगितले आहे. ज्यांना विद्येचा अधिकार नव्हता त्यांच्यातील एका मुलीने अक्षरे हाती येताच पहिल्याप्रथम जे लिहिले ते हे. मराठी गद्याचा इतिहास शिकविणाऱ्यांनी तिला वर्षानुवर्षे वगळले हे एक, आणि ज्या मैदानाचा तिने उल्लेख केला त्या मैदानाला तिची आठवण नाही हे दुसरे. येथे पुतळा नको, भवन नको. तिचे नाव आणि साल सांगणारा एक दगड पुरे आहे.

गंज पेठेतील फुले वाडा हे या वाटेचे हृदय आहे, आणि तेथे निदान संरक्षण तरी आहे. तेथील पाण्याच्या हौदाविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ या दिवशी शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या सत्याग्रहाच्याही आधी एकोणसाठ वर्षे ही घटना घडली. महाडचे उदाहरण आणखी एका कारणासाठी आठवते. तेथील नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव उत्तम होता. तीन वर्षे तो दप्तरात राहिला आणि कोणी अस्पृश्य त्या तळ्याचे पाणी प्याला नाही. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष तळ्यावर गेले, तेव्हा मार खावा लागला तो त्यांना, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. पुण्याच्या महापालिकेकडे आम्ही ठराव मागत आहोत तो हे सर्व ध्यानात ठेवूनच. ठराव हा कागद आहे. पण जो कागदच नाही तो मागे घेतला काय किंवा न घेतला काय, त्याचा जाब विचारता येत नाही.

वाट येरवड्यात संपते. तेथे २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. (१८७३ सालच्या २४ सप्टेंबरलाच याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन झाला होता, पंचांगाला अर्थ नसतो, तरी योगायोग नोंदविण्याजोगा आहे.) गांधीजींचे उपोषण चालू होते, डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांचा हक्क सोडला आणि राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. एका पक्षाच्या दृष्टीने ते हिंदू समाजाचे ऐक्य वाचविणारे तप होते. दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीने तो प्राणांतिक उपोषणाचा दबाव होता, आणि स्वतः आंबेडकरांनी पुढे त्याविषयी अत्यंत कठोर लिहिले आहे. येरवड्याच्या फलकावर काय लिहावे? आमचे मत विचाराल तर दोन्ही लिहावे. वाचणारा नागरिक प्रौढ आहे, त्याला मत देण्याचा अधिकार आपण दिलेला आहे. दोन म्हणणी ऐकून घेण्याइतकी बुद्धी त्याला आहे असे समजण्यास हरकत नसावी.

फलकांच्या भाषेविषयी एका जुन्या मराठीच्या शिक्षकाला थोडे अधिक बोलू द्यावे. सरकारी फलकांना कर्मणी प्रयोग फार प्रिय. ‘शेण फेकले गेले’, ‘विरोध करण्यात आला’, ‘परवानगी नाकारण्यात आली’. कर्म असते, क्रियापद असते, कर्ता मात्र कोठे दिसत नाही. वर आम्हीही ‘वाडा उतरविण्यात आला’ आणि ‘देवळाची दारे बंद करण्यात आली’ असेच लिहून गेलो आहोत, इतकी ही सवय हाडीमांसी खिळली आहे. या वाटेवरील प्रत्येक फलकावर कर्ता लिहिला जावा. दारे कोणी बंद केली, ठराव कोणी फेटाळला, दगड कोणत्या बाजूने आले, हे स्पष्ट असावे. यावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे: कशाला जुन्या जखमा उकरता? शहरात सलोखा आहे, तो का बिघडविता? हा आक्षेप घेणारे सगळेच दुष्ट नसतात. त्यांतील पुष्कळजण खरोखर भांडणाला भितात. त्यांना आमचे उत्तर असे की, कर्ता लिहिला म्हणजे जात विरुद्ध जात असा फलक होतो, ही भीतीच इतिहासाच्या अज्ञानातून आलेली आहे. जोतीरावांना शाळेसाठी जागा देणारे तात्यासाहेब भिडे कोण होते? त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर कोण होते? पर्वतीवर गेलेले गाडगीळ आणि जोशी कोण होते? नावे लिहिली की जातींच्या सरळ दोन रांगा होत नाहीत, माणसांच्या होतात. नावे न लिहिल्यानेच संपूर्ण जाती संशयाच्या छायेत राहतात.

व्यवहाराचे चार शब्द लिहून हा विषय पुरा करू. मान्यतेबरोबर खर्च येतो, आणि खर्चाबरोबर कंत्राटे येतात. रोषणाई, कारंजी आणि छायाचित्रे काढण्याच्या कमानी येतात. या वाटेला त्यांची गरज नाही. गरज आहे ती मजकूर ठरविणाऱ्या अभ्यासकांच्या समितीची, पायी चालता येईल अशा पदपथांची आणि महापालिकेच्या शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा या वाटेने नेणाऱ्या शिक्षकांची. नगरपालिकेची जुनी इतिवृत्ते कोठे ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत बाहेर काढून छापावीत, म्हणजे १८९० आणि १९२५ साली कोणी काय म्हटले हे अनुमानावर राहणार नाही. फुले वाड्याच्या विस्ताराची बोलणी दीर्घकाळ चालू आहेत. त्यासाठी आसपासच्या घरांना हलवावे लागणार असेल तर ती माणसे गरीब आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली आहेत, आणि त्यांना समाधान वाटेल अशी घरे आधी मिळाली पाहिजेत. ज्याने आपल्या घरचे पाणी बिऱ्हाड नसलेल्यांना खुले केले, त्याच्या स्मारकासाठी कोणाचे बिऱ्हाड मोडावे, ही कल्पनाच विपरीत आहे.

आणि ही वाट रोज पहाटे झाडून कोण काढणार? फलक पुसणार कोण, तिच्याखालची तुंबलेली गटारे साफ करणार कोण? त्या कामगारांत आजही कोणत्या जातींची माणसे बहुसंख्य आहेत हे महापालिकेच्या कोणत्याही अधिकाऱ्यास विचारावे. माणसाला मैल्यात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरीही या देशात गटारात गुदमरून माणसे मरतात. ठराव करताना त्या सभेत हाही विषय निघाला तर तो विषयांतर आहे, असे अध्यक्षांनी म्हणू नये.

पहिला फलक भिडे वाड्याच्या जागी लावावा असे सर्वांना वाटेल. आमची सूचना निराळी आहे. पुणे नगरपालिका १९५० साली महानगरपालिका झाली, पण कारभाराचा वारसा तुटलेला नाही. तेव्हा पहिला फलक महापालिका भवनाच्या दर्शनी भिंतीवर, आत जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा लागावा. आमच्या एका सभासदाने आपला देह कोठे ठेवावा अशी विनंती केली होती, आम्ही ती १८९० साली नाकारली. त्याच्या पुतळ्याची सूचना आम्ही १९२५ साली नाकारली. ‘नाकारण्यात आली’ नव्हे. आम्ही नाकारली.